मंदिरासमोरचा गाळा

अर्ध्या उघडलेल्या शटरखालून मी वाकून आत शिरले आणि कोणाच्या तरी खांद्यावर आदळले.

"अहो, सावकाश!" तो मागे सरला. हातात मोजपट्टी होती. "तुम्हीही जागा बघायला?"

मी मान हलवली. दर गुरुवारी दत्ताची दुपारची आरती होईपर्यंत माझं मौन असतं. लिहूनही काही सांगायचं नाही, असा नेम. गाळ्याच्या मालकीण मालनबाईंनी आरतीनंतर बोलावलं होतं. तोवर एकटीनं जागा न्याहाळावी, एवढाच विचार होता…

मी बोलत नाही म्हटल्यावर तो हातवारे करत ओरडायला लागला. "मी — हर्षल! देवळा गावचा! मिसळीचं — हॉटेल — काढणार!"

मला बहिरी समजला की काय! हसू दाबत मी ओठांवर बोट ठेवलं आणि समोरच्या दत्तमंदिराकडे दाखवलं.

"मौन?" त्याचा आवाज एकदम उतरला. "आरतीपर्यंत ना? माझी आईपण पाळते. म्हणजे तोवर मी काही बोललो तरी तुम्हाला भांडता यायचं नाही… बरंय की!"

मी डोळे वटारले. त्याच्या गालाला शटरची धूळ लागली होती, आणि मला तेही सांगता येईना.

हा गाळा मला हवाच होता. गंगापूर रोडवरचे चकचकीत गाळे पाहून झाले होते. तिथं गाड्या थांबतच नाहीत. इथं देवळाच्या पायऱ्या उतरणारा उपासाचा माणूस थेट माझ्या भगर-आमटीसमोर येणार होता. किती दिवस इंदिरानगरच्या घरातून उपासाचे डबे द्यायचे? शिवाय आज जागा ठरली नाही, तर रविवारी बाबांनी आणलेलं स्थळ मला बघायला येणार होतं. "एक काहीतरी ठरव, रोहिणी," बाबांनी बजावलं होतं.

तेवढ्यात मालनबाई घाईघाईनं आल्या. "मला आत्ताच गावी निघायचंय, भाचा गाडी घेऊन उभाय. बोला, कोण घेतंय?"

मी हात जोडून जोरजोरात मान हलवली.

"मानेवर माझा भरवसा नाही, बाई. मागचा असाच मान डोलवून गेला, तो परत उगवलाच नाही. तोंडानं शब्द दे. नाहीतर हा देईल."

'हो' ओठांवर येऊन थांबलं. आई मोठ्या दुखण्यातून उठली तेव्हा धरलेला नेम… तो मोडू? मंदिरात अजून घंटाही हलली नव्हती.

"मग तू बोल रे. घेतोस?"

हर्षलनं माझ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ उघडले…

"मावशी, मोरी कुठंय?"

"मागं."

"उतार बरोबर आहे का? पाणी ओतून बघू?" त्यानं बादलीभर पाणी ओतलं आणि ते वाहून जाईपर्यंत शांतपणे पाहत बसला. मग नळाची धार पाहिली. मग धुराडं कुठून काढायचं, फोडणीचा ठसका वरच्या बिऱ्हाडात गेला तर कोण भांडायला येईल…

"अरे, तुला जागा पाहिजे का माझी मुलाखत?" बाहेर भाच्यानं हॉर्न वाजवला. "मी कुलूप लावते!"

"एकच राहिलं, मावशी. दुपारचं ऊन कुठवर येतं?"

"डोकं फिरलंय तुझं!" त्यांनी शटरला हात घातला…

आणि मंदिरात घंटा घणघणली. आरतीचे सूर सुरू झाले. त्यानं शटर खालून धरून ठेवलं, डोळे मात्र माझ्यावर. आरती संपली, जयजयकार झाला, आणि माझा आवाज फुटला.

"घेते. मालनबाई, शब्द दिला."

चावी माझ्या हातात टेकवून त्या निघून गेल्या. आता मी बोलायला मोकळी होते.

"तुमच्या… गालाला धूळ लागलीय."

"एवढ्या वेळानं हे?" त्यानं भलताच गाल पुसला. "बरं, शेजारचा गाळा रिकामा दिसतोय. भिंतीपलीकडे कांदा परतलेला चालेल?"

"गुरुवारी नाही."

"आणि एरवी?"

मी उत्तर देणार तोच फोन वाजला. बाबा.

"जागा मिळाली?"

"मिळाली."

"बरं झालं. मग त्या स्थळाला काय कळवू?"

"नको म्हणून कळवा, बाबा."

"कारण काय सांगू?"

हर्षल मोजपट्टी घेऊन दोन गाळ्यांमधली भिंत मोजत होता, उगीचच. माझं मौन कधीच सुटलं होतं… तरी मी गप्प राहिले.