सातवी चिंबोरी कुठे गेली?

थाप मारायची तर चांगली ताडाएवढी मारावी, असं माझं मत. पण ही गोष्ट खरी धरून वाचा. फार तर यातला बगळा थोडा बुटका करून घ्या.

साल होतं २०६१. खाजणगावच्या खाडीकाठी दाट कांदळवन (खाऱ्या चिखलात वाढणारं जंगल) होतं. त्याच्या मुळांत चिंबोऱ्यांची (खाडीतल्या मोठ्या खेकड्यांची) अंगठ्याएवढी पिल्लं सापडत. वेणू तांडेलची आई आणि गावातल्या बायका ती सगळी वेचून जाळीच्या कुंपणात वाढवत नि विकत. लाखेच्या माद्या (पोटात केशरी अंडी धरलेल्या) मात्र खाडीत सोडून देत, पुढची पिल्लं यावीत म्हणून. दोन वर्षं सोडल्या, तरी पिल्लं कमीच होत गेली.

"चैत्री पुनवेपर्यंत पिल्लं दिसली नाहीत, तर कांदळवन तोडून कोळंबीची तळी करायची, असं गावसभेत ठरलंय," आई म्हणाली. वेणूने ताट बाजूला सारलं.

गावात बगळोबा नावाचा यंत्रबगळा होता, ताडाएवढा. बरं, वेणूएवढा. एकदा खरा बोय मासा गिळून तो तीन दिवस आजारी होता. सोडलेल्या माद्या जातात कुठे ते बघायला आईने त्या वर्षीच्या सातव्या मादीच्या पाठीवर ध्वनिखूण (टिकटिक करणारा तांदळाएवढा तुकडा) चिकटवली नि तिला सोडलं. सकाळच्या ओहोटीला मायलेकी होडीतून तिच्या मागे निघाल्या. बगळोबा पाण्यात चोच बुडवून ऐकत होता.

"समुद्राकडे चाललीय," तो म्हणाला.

"आपलं घर सोडून?" वेणूने विचारलं.

"खाडीत नदीचं गोडं पाणी मिसळतं. अंडी फुटायला जास्त खारं पाणी लागतं. त्यातून डिंभ (आईसारखे न दिसणारे इवले जीव) निघतात. ते समुद्रात वाढतात नि भरतीबरोबर कांदळवनात येतात."

खाडीच्या तोंडाशी मुखवाडी हे गाव लागलं. बगळोबाने चोच वर काढली. "आवाज आता हवेतून येतोय."

त्याने चोचीने दाखवलेल्या दिशेने मायलेकी धावत सुटल्या, त्या थेट मुखवाडीतले मच्छीमार धाकू नाखवा यांच्या ओटीवर. टोपलीत नांग्या बांधलेली सातवी होती. आत चुलीवर आधण ठेवलेलं.

"नाखवा, ही आमची आहे," वेणू म्हणाली.

"खाडीत नावाची पाटी लावलीस काय गो? जावई पहिल्यांदा आलाय. लाखेची चिंबोरी पानात नको?"

"आम्ही सोडतो आणि तुम्ही खाता," आई म्हणाली.

नाखवा हसले नाहीत. "आणि तुम्ही? पूर्वी मोठ्या चिंबोऱ्या भरभरून यायच्या माझ्या जाळ्यात. आता तुमच्या कांदळवनातून येणार काय? अंगठ्याएवढी होती तेव्हाच तुम्ही वेचलीत."

आईला आजवर वाटत होतं, आपण राखतोय.

वेणू हळूच म्हणाली, "म्हणजे जन्म तुमच्या दारातून पुढे समुद्रात, वाढ आमच्या जंगलात. एकानेच राखून भागायचं नाही."

आत आधण उकळायला लागलं. सातवीला समुद्राकडे नेणारी ओहोटी संपत आली होती. नाखवांनी टोपली उचलली. मग आत वळून म्हणाले, "जावईबापू, सुका बोंबील चालेल ना?"

"मला चिंबोरी फोडता येतच नाही, मामा," आतून आवाज आला. "सांगायची लाज वाटत होती."

नाखवांनी स्वतः दोरी सोडली. सातवी पाण्यात गेली. बगळोबाने पाण्यात चोच बुडवली; टिकटिक बारीक होत थांबली.

"पोचली?" वेणूने विचारलं.

"माझ्या कानाच्या पलीकडे गेली," बगळोबा म्हणाला. "पुढचं मला ठाऊक नाही."

त्याच आठवड्यात दोन्ही गावं एकत्र बसली. मुखवाडीने लाखेची मादी धरायची नाही, खाजणगावने निम्मी पिल्लं मुळांतच ठेवायची आणि कुंपणांचा धंदा दोघांनी मिळून करायचा, असं ठरलं.

काही महिन्यांनी, चैत्री पुनवेला दोन दिवस उरले असताना नाखवा आणि वेणू कांदळवनात गुडघाभर चिखलात वाकून पिल्लं शोधत होते. एका मुळाआड नखाएवढं काहीतरी हललं. वेणूने हात पुढे केला, तशी त्याने दोन्ही नांग्या उगारल्या.

"सातवीचंच असेल?"

"कुणाचं का असेना," नाखवा म्हणाले. "हात मागे घे. वाढू दे."