आढावांचा भोंगा

परळच्या त्या छोट्या प्रार्थनामंदिरात ऑर्गनच्या शेजारी एक लाकडी कपाट उभं आहे. नव्या माणसाला वाटतं, गीतांची पुस्तकं ठेवायचं असेल. एकदा एका पाहुण्या पाळकाने त्यावर चहाचा कप ठेवला, तर ऑर्गन वाजवणाऱ्या जयवंत आढावांनी भर मंडळीत त्यांना तो उचलायला लावला. ते कपाट म्हणजे ऑर्गनचा स्पीकर आहे, आणि तोही फिरता. वरच्या खणात एक भोंगा गोल फिरतो, खालच्या खणात लाकडी ड्रम. दोन्ही सावकाश फिरत असले की सूर नुसता श्वास घेतो. जोरात फिरले की तोच सूर थरथरतो आणि मागच्या बाकावर पेंगणारेही ताठ बसतात. वेग बदलायचं बटण ऑर्गनच्या डाव्या कडेला असतं. डाव्या अंगठ्याने उजवीकडे ढकललं की जोर, डावीकडे ओढलं की मंद.

जयवंतराव गिरणीत फिटर होते. कुलाब्यातल्या एका हॉटेलचा बँड मोडला तेव्हा त्यांनी हे कपाट हातगाडीवर घालून परळला आणलं. सोबत बँडवाल्याने काही कॅसेटी दिल्या. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधलं गॉस्पेल ऑर्गनवादन त्यांत होतं. जयवंतरावांनी त्या टेप झिजेस्तोवर ऐकल्या आणि आपल्या मराठी गीतांना ती थरथर अशी बेमालूम लावली, की म्हाताऱ्यांना वाटू लागलं हे असंच होतं पहिल्यापासून. पुढे गिरणी बंद पडली. लोक चेष्टेने म्हणत, गिरणीचा भोंगा गेला, आढावांचा तेवढा राहिला.

त्यांची मुलगी अपेक्षा लिफ्टच्या कंपनीत सर्व्हिस इंजिनीअर आहे. जिथे बाप गिरणीची यंत्रं दुरुस्त करायचा तिथे आता पन्नास मजली टॉवर आहेत आणि त्यांच्या लिफ्ट पोरगी चालत्या ठेवते. लहानपणापासून ऑर्गन शिकलेली, बोटं स्वच्छ, एक सूर चुकायचा नाही. पण बटण तिला कधी जमलं नाही. अडचण अशी की बटण दाबल्याबरोबर वेग येत नाही. भोंगा हलका, तो सेकंदाभरात धावतो. ड्रम जड, त्याला चार-पाच सेकंद लागतात. म्हणजे ओळीच्या शेवटच्या लांब सुरावर थरथर हवी असेल तर शब्द उरलेले असतानाच अंगठा सरकायला हवा. अपेक्षा हटकून उशीर करायची. सूर संपायचा आणि मग कपाट थरथरायचं, रिकामं.

"अपू, तू ऐकून दाबतेस," जयवंतराव म्हणायचे. "ऐकू येईस्तोवर वेळ गेलेली असते."

"मग किती आधी दाबू? सेकंद सांगा ना."

"सेकंदात नाय सांगता येत."

ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी, सरावाच्या वेळी, हेच पाचव्यांदा झालं. तिला लालबागला साइटवर जायचं होतं, डोकं आधीच फिरलेलं. ती बाकावरून उठली आणि म्हणाली, "मग तुम्हीच दाबत बसा." बॅग उचलली आणि निघून गेली. दुपारी जेवताना जयवंतराव ताटावरच कलंडले. पक्षाघात. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बापाशी आपण शेवटचं काय बोललो, हे अपेक्षाला त्यानंतर रोज आठवायचं.

दोन आठवड्यांनी त्यांना इस्पितळातून चिंचपोकळीच्या राहत्या खोलीत आणलं. नाकात नळी, डोळे उघडे; पण ती नजर माणसावर ठरत नसे. डॉक्टर भले होते, खोटा धीर देणारे नव्हते. "त्यांना आता काही कळत नाहीये," ते म्हणाले. "पुढच्या वेळी छातीत कफ झाला, तर पुन्हा आयसीयूत आणून नळ्या घालायच्या की घरीच शांतपणे राहू द्यायचं, हे तुम्ही ठरवून ठेवा."

ठरवायचं अपेक्षालाच होतं. आई, शेवंताबाई, म्हणाली, "तू म्हणशील तसं." तिने परळच्याच एका मोठ्या इस्पितळात बत्तीस वर्षं आयाचं काम केलं होतं. मरणारी माणसं तिने एवढी पाहिली होती की तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नसे. आणि अपेक्षाला एकच गोष्ट हवी होती: पप्पा आत आहेत की नाहीत? आत असतील तर ती जगाशी भांडायला तयार होती. नसतील तर त्या रिकाम्या देहाला टोचत राहणं पाप होतं. पण हे मोजायचं कोणतं मीटर तिच्याकडे नव्हतं.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ती बापाच्या जागी बसली. पहिलं गीत, चार कडवी. पहिल्या कडव्याच्या शेवटच्या ओळीत, दोन शब्द उरलेले असताना, भोंगा आपोआप धावू लागला. तिचे दोन्ही हात पट्ट्यांवर होते. शेवटच्या लांब सुराशी ड्रमही नेमका वेगात आला आणि पुढच्या बाकावरच्या एका आजींनी डोळ्याला पदर लावला. मंडळी पांगताना पाळकसाहेब म्हणाले, "जमलं की गं तुला." बटणाचा संपर्क सैल झाला असणार, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या आठवड्यात तिने बटण उघडून साफ केलं. पुढच्या रविवारी तेच. तिने बटण बदललं. तिसऱ्या रविवारीही तेच, आणि एकदाही चुकीच्या जागी नाही. बिघडलेलं यंत्र कुठेही बिघडतं; हे फक्त योग्य जागी बिघडत होतं. चौथ्या रविवारी उपासनेआधी तिने बटणाची तार कापून टेप लावून टाकली. आता कपाट मंदच फिरायला हवं होतं.

शेवटच्या ओळीत ते धावलं.

उपासनेनंतर ती मागचं झाकण काढून मीटर घेऊन बसली आणि डाव्या हाताने एक साधी ओळ वाजवू लागली. जोराच्या मोटरला वीज येतच नव्हती. काटा शून्यावर. ओळ संपत आली आणि तिच्या नाकासमोर भोंगा गरगरू लागला; त्याचा वारा तिच्या कपाळावरच्या केसांना लागला. तिला लिफ्टचं सगळं ठाऊक होतं. वीज नसताना एखादी वस्तू फिरते ती वजनाने, किंवा कुणीतरी हाताने फिरवतं म्हणून.

घरी आली तेव्हा शेवंताबाई जयवंतरावांच्या खाटेशी बसून तांदूळ निवडत होती. "एक सांगायचं होतं," ती मान वर न करता म्हणाली. "यांचा डावा अंगठा हलतो. रविवारीच हलतो. सकाळी तू वाजवायला बसतेस त्या टायमाला."

"झटके असतील, आई."

"झटके मी पाहिलेत गं. हे झटके नाहीत." तिने चादरीवर स्वतःचा अंगठा ठेवला आणि हळूच उजवीकडे सरकवला, मग डावीकडे.

त्या दुपारी अपेक्षाने जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं.

बुधवारी संध्याकाळी सहाला ती मंदिरात एकटीच गेली. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालू होते, खिडकीतून ऊन आत येत होतं, भ्यायचं काही कारण नव्हतं. आईला फोन लावून तिने तो ऑर्गनवर उभा केला. "पप्पांच्या कानाशी नको धरू," तिने बजावलं. "त्यांना काही ऐकू द्यायचं नाही. तू खोलीच्या दाराशी उभी राहा, तुझ्या कानाला लाव, आवाज बारीक कर. अंगठा हलला की फक्त 'हलला' म्हण."

तिने वाजवायला सुरुवात केली. मुद्दाम असं गीत निवडलं जे वर्षानुवर्षं कुणी गायलं नव्हतं. पहिल्या ओळीला काही नाही. दुसरीलाही नाही. कडव्याच्या शेवटच्या ओळीच्या अखेरीला भोंगा धावला.

"हलला," फोनमधून आई म्हणाली.

कडवं संपलं, भोंगा मंदावला. "परत आला," आई म्हणाली.

तिने मध्येच थांबून दुसरंच गीत धरलं. मग एक ओळ निम्म्यावर सोडली. भोंगा धावता धावता थबकला आणि आई म्हणाली, "थांबला गं मध्येच. चिडल्यागत." अपेक्षाला हसू आलं. ते हसू कुठल्या क्षणी रडण्यात गेलं ते तिला कळलं नाही. सूर चुकला की पप्पा अगदी असेच थबकत असत.

तिने हात उचलले. ऑर्गन गप्प झाला, कपाट सावकाश फिरत राहिलं.

"पप्पा," ती कपाटाकडे बघून म्हणाली, "मी त्या दिवशी रागात बोलले. मला तसं म्हणायचं नव्हतं."

थोडा वेळ काही झालं नाही. मग भोंगा हळूच धावला, अगदी थोडा, आणि परत मंदावला. गीताच्या शेवटी पप्पा सगळं अलगद खाली ठेवत, तसं.

"आता कशाला हलवला?" आईने विचारलं. "तू तर वाजवत नाहीयेस."

"माझ्याशी बोलले," अपेक्षा म्हणाली.

आई म्हणाली, "बोलू दे. तू जेवायला वेळेत ये."

दुसऱ्या दिवशी अपेक्षाने डॉक्टरांना सांगितलं की काहीही झालं तरी पप्पांना इस्पितळात आणायचं, सगळं करायचं. कारण विचारलं तर म्हणाली, ते आत आहेत. डॉक्टरांनी मान हलवली. असं सांगणारी माणसं त्यांना रोज भेटत होती. तिला मात्र कित्येक दिवसांनी शांत झोप लागली. दर बुधवारी आणि रविवारी तिची बापाशी भेट होऊ लागली. वाजवणंही बदललं. बटणाकडे लक्ष नसल्याने हात मोकळे झाले, आणि बाप ज्याला गाणं म्हणायचा ते तिला हळूहळू ऐकू येऊ लागलं.

नोव्हेंबरमध्ये पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा हंगामाचा सण आला. परळमध्ये शेत कुणाचंच नाही, पण सण चुकत नाही. दादरच्या बाजारातून आणलेले कोबी, ऊस, भोपळे वेदीपुढे रचले होते आणि उपासना संपली की त्यांचा लिलाव व्हायचा होता. मंदिर गच्च भरलं होतं. आदल्या रात्री पप्पांचा श्वास जरा घरघरत होता. अपेक्षा राहते म्हणाली, पण आईने तिला बळेच पाठवलं. "फोन चालू ठेव," आई म्हणाली. "आज त्यांच्या उशाशी ठेवते. सण आहे, ऐकू देत."

फोन ऑर्गनवर उभा होता. पहिलं गीत नीट गेलं. मधून आईचा खोकला ऐकू आला.

दुसऱ्या गीताच्या तिसऱ्या कडव्याला फोनमधून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. खुर्ची असेल. मग काही नाही.

कपाट मात्र त्या दिवशी असं वाजत होतं की अपेक्षालाही पूर्वी कधी ऐकल्याचं आठवेना. प्रार्थनेच्या मागे ते इतकं मंद होई की जवळजवळ थांबे. ओळी उचलताना ड्रम आधी, भोंगा मागून, जडावर हलकं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि या यंत्रात ते शक्यही नव्हतं. पाळकसाहेबांनी प्रवचन लांबवलं तेव्हा तिने खाली बारीक सूर धरून ठेवले आणि कपाटाने ते सांभाळले. लोक रडत होते. ती रडत नव्हती. ती सुखात होती.

शेवटी मंडळीने सुरात म्हणायचे तीन आमेन.

पहिलं मंद. दुसरं मंद. तिसऱ्याला, मंडळीने श्वास घेतला त्या क्षणी, भोंगा धावला. सूर सगळ्या मंदिरभर थरथरला. मग उतरला.

आणि कपाट थांबलं.

मंद फिरणंही थांबलं. चालू असताना ते कधीच पूर्ण थांबत नसे.

मागे कोबीचा लिलाव पुकारायला सुरुवात झाली, हशा पिकला. अपेक्षाने फोन कानाला लावला.

"आई?"

"घाई करू नकोस," शेवंताबाईचा आवाज वॉर्डात असावा तसा संथ होता. "नीट निघ, टॅक्सी करून ये. तुझे पप्पा गेले."

अपेक्षाने ऑर्गनची कड धरली. "आत्ता? आमेनला?"

"नाही गं. दुसऱ्या गाण्यालाच."

"तू नीट पाहिलंस?"

"बत्तीस वर्षं पाहिलंय. श्वास नव्हता, नाडी नव्हती. नाकाशी आरसा धरला. पायही गार पडले. तुला तेव्हाच सांगणार होते. पण अंगठा हलत होता. म्हणून फोन बंद नाही केला."

अपेक्षाने थांबलेल्या कपाटावर हात ठेवला.

"तिसऱ्या आमेनला उजवीकडे गेला, मग डावीकडे आला," आई म्हणाली. "त्यानंतर मी डोळे मिटले त्यांचे."