वेलांटीची खाडाखोड

छापखान्याच्या अरुंद जिन्यात दोघं समोरासमोर आले. ती चहा संपवून वर चढत होती आणि तो एक कागद हातात घेऊन ‘हे कुणी केलं’ असं शोधत खाली उतरत होता. वाट एकालाच पुरेल एवढी. कुणीतरी मागे सरायला हवं होतं, पण दोघंही सरले नाहीत.

“ही खाडाखोड तुमची?” त्याने कागद पुढे धरला.

“लाल पेन्सिल माझीच. का?”

“नाही म्हणजे... शब्द तर शुद्ध आहे. काना-मात्रा सगळं जागच्या जागी.”

“शब्द शुद्ध आहे हो. वाक्य खोटं आहे.”

कुठल्याशा संस्थेने वाटायला काढलेल्या पुस्तिकेतलं ते वाक्य होतं: ‘सुखी घरासाठी पतीने पत्नीला घरकामात मदत करावी.’ त्यातल्या ‘मदत’वर तिने आडवी रेघ मारली होती.

“मदत दुसऱ्याच्या कामात करतात,” ती म्हणाली. “घर दोघांचं, तर काम एकटीचं कसं?”

तो कागदाकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. “मालकांना हे पटायचं नाही.”

“म्हणून तर पेन्सिलीने खोडलंय. पेनने खोडायची अजून हिंमत नाही.”

त्याला हसू आलं. तो हसला की डावा डोळा जरा बारीक व्हायचा, हे तिने टिपलं. चुका टिपण्याची सवय असलेल्या माणसाला इतर गोष्टीही दिसतात, त्याला ती तरी काय करणार?

“मग जिथे मालक नाही तिथे लिहा ना,” तो म्हणाला, आणि अंग चोरून भिंतीला लागला. “स्वतःचा ब्लॉग काढा.”

ती त्या छापखान्यात मुद्रितशोधक होती. लोकांच्या चुका काढून पोट भरणारी, असं तिचा दादा म्हणायचा. आठ वर्षांत तिच्या नजरेखालून एकही चुकीची वेलांटी सुटली नव्हती, म्हणून सगळे तिला वेलांटीच म्हणत. तो संगणकावर पानं लावायचा, नवीनच आला होता. पानाच्या कडेला भरपूर कोरा समास सोडायचा आणि बोलतानाही दोन वाक्यांमध्ये तेवढाच. आठवडाभरात त्याचं नाव समास पडलं. बारसं केलं पुस्तकबांधणीच्या शिवणविभागातल्या काकूंनी, कारण छापखान्यातली सगळी बारशी त्याच करायच्या.

ब्लॉग निघाला. नाव ‘खाडाखोड’. पान त्याने मांडून दिलं, परवलीचा शब्द दोघांकडे राहिला. पहिला लेख अर्थातच ‘मदत’. वाचक सात, त्यातली एक ती स्वतः आणि एक काकू. काकू वाचून म्हणाल्या, “बरं झालं लिहिलंस. आमच्याकडचे महिन्यातून एकदा कपबशी विसळतात आणि सत्कार व्हावा तसे उभे राहतात.”

मग ती लिहीतच गेली. ‘बाई असूनही छान गाडी चालवते’ यातल्या ‘असूनही’वर लिहिलं, ‘नोकरी करू दिली’ यातल्या ‘दिली’वर लिहिलं. वाचक चारशेवर गेले. शिव्याही आल्या, बहुतेक अशुद्ध. ती त्या शुद्ध करून तिथेच ठेवायची. दुपारी यंत्रं थांबली की तो खुर्ची ओढून तिच्या टेबलापाशी यायचा. खिडकीच्या काचेवर पावसाची बारीक रेघ असायची आणि खोलीभर शाईचा, गरम कागदाचा वास.

“आज कुणाचा नंबर?” तो विचारायचा.

“तुमचा नाही. घाबरू नका.”

“घाबरत नाही... वाट बघतोय.”

 मग ती उगाचच समोरच्या मजकुरात एखादा स्वल्पविराम घालायची. तो तिला आवडायला लागला होता. हे तिने स्वतःशी कबूल केलं, पण लिहिलं मात्र कुठेच नाही.

एक लेख ती महिनाभर मनात घोळवत होती. तिचे बाबा पाट्या रंगवायचे. भागातल्या निम्म्या दुकानांची नावं त्यांच्या हातची. घराच्या दारावरची पाटीही त्यांचीच, सुंदर वळणदार, आणि तिच्यावर दोन नावं होती. एक बाबांचं, दुसरं पाच वर्षं परगावी असलेल्या दादाचं. आई आणि ती या घरात राहतात हे दूधवाल्याला ठाऊक होतं, पाटीला नव्हतं. लेखाचं शेवटचं वाक्य तिने अकरा वेळा लिहिलं. अखेर उरलं ते असं: ‘मला बाबांचा राग येतो.’

बाबांशी ती कधी मोठ्याने बोललेली नव्हती. त्यांनी हा लेख वाचावा आणि तिला राग येतो हे त्यांना कळावं, एवढ्यासाठीच तो लिहिला होता. लेख तिने समासकडे पाठवला. “फक्त परिच्छेद पाडा आणि चढवा,” असं सांगितलं आणि लेख चढताच त्याचा दुवा बाबांना पाठवून दिला. चढलेला लेख तिने वाचला नाही. दुसऱ्यांची अर्धी वेलांटी पकडणारी बाई स्वतःचं पान बघत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

संध्याकाळी बाबांनी चष्मा काढला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. “वाचलं गं. वाईट वाटून घेऊ नकोस. पाटीत काय असतं एवढं?” मग ते ब्रश धुवायला निघून गेले.

वाईट? तिने ‘वाईट’ हा शब्द लिहिलाच नव्हता. तिने फोन काढला. शेवटची ओळ होती: ‘मला याचं वाईट वाटतं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थेट त्याच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

“माझा राग कुठे गेला?”

त्याचा चेहरा उतरला. “ते... ओळ लोंबत होती. शेवटचा शब्द एकटाच खाली पडत होता, म्हणून...”

“बाबांचा राग येतो, अक्षरं सात. याचं वाईट वाटतं, अक्षरं आठ. वाढलेल्या अक्षराने ओळ आखडते होय? आणि फोनवर तर ओळ ज्याच्या त्याच्या पडद्याप्रमाणे तुटते. थाप तरी शुद्ध मारा!”

“मला वाटलं, घरात भांडण होईल. तुम्हाला त्रास होईल. मी फक्त... जरा मदत केली.”

शब्द तोंडातून सुटला आणि त्याचा त्यालाच ऐकू आला. शिवणविभागात काकूंची सुई थांबली.

“झाली मदत,” वेलांटी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं. “महिनाभर मी एक वाक्य बोलायची तयारी केली. ते तुम्ही माझ्या तोंडातून काढून घेतलंत, आणि बाबांनी माझं सांत्वन केलं.”

तिने परवलीचा शब्द बदलला, ‘राग’ जागेवर आणला. पण बाबा काही तोच लेख दुसऱ्यांदा उघडणार नव्हते. तेव्हा त्या संध्याकाळी ती त्यांच्यासमोर बसली आणि तोंडानेच म्हणाली, “बाबा, मला वाईट वाटत नाही. मला तुमचा राग येतो.” वाक्य पूर्ण झालं.

बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटी उतरवली, घासून कोरी केली आणि आईला विचारलं, “तुझं नाव कुठे लिहू?”

“विचारताय तर वरच लिहा,” आई म्हणाली.

इकडे ब्लॉगवर लेखाखालच्या प्रतिक्रियांत एक मजकूर आला होता. ‘पहिल्या दिवशी शेवटची ओळ वेगळी होती. ती मी बदलली होती, लेखिकेला न विचारता. तिच्या रागाचं मी वाईट वाटणं करून टाकलं. चूक माझी. — समास, पानं लावणारा.’ त्याखाली एकेचाळीस वाचकांनी त्याची यथेच्छ धुलाई केली होती. त्याने एकालाही उलट उत्तर दिलं नव्हतं. ते सगळं तिने दोनदा वाचलं. राग बराचसा उतरला, आणि तो उतरल्याचा थोडा रागही आला.

आठवडाभर त्याची खुर्ची जागची हलली नाही. मग एका दुपारी एका पुस्तकाची पानं तिच्याकडे तपासायला आली, आणि वरच एक चिठ्ठी होती. तो दारात उभा, आत येऊ की नको अशा बेतात.

चिठ्ठीत एकच ओळ होती: ‘मला तुमचं लेखन फार आवडतं.’

तिने ती वाचली. लाल पेन्सिल उचलली, पण टेकवली नाही.

“एक शब्द काढू का?” तिने विचारलं.

“मला विचारताय?”

“वाक्य तुमचं आहे. विचारायलाच हवं.”

तो जवळ आला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “काढा.”

तिने ‘लेखन’वर रेघ मारली. आणि थांबली.

“आता वाक्य चुकलं,” तो हळूच म्हणाला. “ ‘तुमचं फार आवडतं’... असं काही होत नाही.”

“नाही होत. एक शब्द गेला की उरलेलं बदलावं लागतं.” तिने पेन्सिल त्याच्यापुढे धरली. “पण ते मी करणार नाही.”

त्याने पेन्सिल घेतली. पान लावायला त्याला इतका वेळ कधी लागला नव्हता. ‘तुमचं’ खोडलं... ‘आवडतं’ खोडलं... आणि वर बारीक अक्षरात लिहिलं. काकूंनी सुईत दोरा ओवायचं निमित्त करून मान लांब केली.

‘मला तु फार आवडतेस.’

वेलांटीने ते तीनदा वाचलं. एवढ्याशा मजकुराला एकदा पुरलं असतं.

“मलाही,” ती म्हणाली. मग तिला राहवलंच नाही. “पण ‘तू’ दीर्घ असतो रे.”

“किती दीर्घ?”

“लिहून तर बघ,” ती म्हणाली, आणि पाय लांबवून शेजारची खुर्ची त्याच्याकडे ढकलली.