बाबाजानला ओळखू आलेला चेहरा

मोटरीची लाईट अकराला येणार म्हणतात, म्हणजे साडेबारा धरा. तोवर कांद्याच्या वाफ्यावर डुलक्या काढण्यापेक्षा ऐका. आणि हर्षल, आधीच सांगतो, आजोबा फेकतात असं मनात आलं तर मनातच ठेव. बाबाजान माझा मित्र. आजही काष्टीतच राहतो. उद्या जाऊन विचार.

शेळ्यांच्या बाजारात बाबाजानसारखी नजर कुणाची नव्हती. शंभर पावलांवरून बघून सांगायचा, शेळी गाभण आहे की नुसतंच पोट फुगलंय. मग एकवीस सालच्या दिवाळीत त्याला झटका आला. हातपाय वाचले, बोलणं वाचलं. नजर गेली म्हणावं तर तीही नाही. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, पण डोळ्यांनी पाहिलेलं मेंदू जिथं ओळखतो तिथं बिघाड झालाय. हे काय नवीन, म्हणून मी त्याच्यापुढं चहाचा ग्लास धरला.

"वर उघडं हाय, खाली बंद. मधी काय तरी तांबडं हलतंय. काय हाय रं राम?"

हातात दिला तर लगेच म्हणाला, "चहा व्हय!"

हाताला सगळं कळायचं, डोळ्याला काही नाही. माणसांचंही तेच. नाक दिसायचं, डोळे दिसायचे, पण त्यातून माणूस जुळायचा नाही. मेहताबवहिनी, त्याची बायको, समोर उभ्या राहिल्या तरी बोलल्याशिवाय कळायच्या नाहीत. त्या हसण्यावारी न्यायच्या. "बरंच हाय की, मी म्हातारी झालेली ह्यांला दिसत न्हाई." पण बाबाजानचा जीव तिथंच अडकला होता. मला म्हणायचा, "मरायच्या आधी येकदा तिचं तोंड वळखू यावं, बास." ते ऐकून मला फार वाईट वाटायचं.

आता ती रात्र. तेवीस साल, डिसेंबरची नऊ तारीख, शनिवार. अमावस्या तीन दिवसांवर. कालव्यापलीकडच्या वस्तीवर भागूबाईची शेळी अडली होती. बाबाजानचे हात शाबूत होते, म्हणून तिनं त्याला बोलावून घेतलं. दोघं नवरा-बायको गेले. करडू सुखरूप बाहेर आलं, आणि पावणेअकराला दोघं घरी निघाले. कालव्याच्या पुलाशी आल्यावर वहिनींच्या लक्षात आलं, मोबाईल भागूबाईकडं चार्जिंगला राहिला.

"हितंच उभं ऱ्हावा. हलू नका," असं बजावून त्या मागं गेल्या.

बाबाजान उभा. डाव्या हातात बॅटरी. कालव्याला पाणी सुटलेलं, काठोकाठ. तो सांगतो, उगाच करमेना. इकडून तिकडं, तिकडून इकडं येरझाऱ्या घालत होता.

समोरून कुणीतरी बाई आली. त्यानं बॅटरी वर केली. पाहिलं… आणि ओळखलं.

मेहताब.

नाक, डोळे, कपाळावरचा जुना व्रण… सगळं एका दमात जुळलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. 

"मेहताब! अगं, दिसली गं मला तू!"

ती बोलली नाही. हसली. हात पुढं केला. त्यानं उजवा हात दिला. हातही तिचाच, चाळीस वर्षं भाकरी थापलेला. ती चालू लागली. तो मागोमाग. पुलावरून नाही… पुलाच्या कडेनं. उतारावर.

तेवढ्यात मागून हाक आली.

"फैयाजचे अब्बा! तिकडं कुठं? पानी हाय तिकडं!"

पोराच्या नावानं मारलेली हाक. आवाज मेहताबचा.

त्यानं वळून पाहिलं. मोबाईलचा उजेड. एक नाक. दोन डोळे. जुळेना. कुणी परकी बाई.

पुन्हा पुढं पाहिलं. मेहताब. लख्ख.

तुम्ही असता तर कुणाकडं गेला असता? सांग की मोनिका.

…

अवघड आहे ना? त्यालाही ठरवता येईना.

पाय ओले झाले. घोट्यापर्यंत. पुढचा हात ओढत होता. मागचा आवाज रडकुंडीला आला होता. बाबाजाननं घाबरून डोळे गच्च मिटले.

अंधार व्हायला हवा ना?

ती दिसतच होती.

मिटल्या डोळ्यांपुढं… तशीच. हसत.

तेव्हा त्याला कळलं. हिला डोळ्यांनी ओळखलेलंच नाही. मग कशानं… जाऊ द्या. त्यानं बॅटरी टाकली आणि डावा हात मागं केला. कुणीतरी तो धरला. हिसका देऊन वर ओढलं. वर आला तेव्हा तो हुंदके देत होता, आणि भीतीनं नाही. मला म्हणाला, "दोन वर्सांनी दिसली हुती रं राम. मीच सोडली तिला."

वहिनींना तिथं दुसरं कुणीच दिसलं नव्हतं. नुसता नवरा, उजवा हात पुढं करून पाण्यात उतरताना.

सकाळी मी गेलो. वहिनी धडधाकट, चहा टाकत होत्या. बाबाजान ओट्यावर. डोळ्यांचं पहिल्यासारखंच. डाव्या हाताला सगळं कळत होतं. पण उजवा हात तो सारखा धोतराला पुसत होता. म्हटलं काय झालं, आण बघू. त्या हातात मी माझी किल्ली ठेवली.

"मेहताब," म्हणाला.

मला वाटलं थट्टा. कांदा ठेवला.

"मेहताब."

काहीच ठेवलं नाही. बोटं आपोआप मिटली… कुणाचा तरी हात धरल्यासारखी.

"मेहताब."

पुढं नगरला नेऊन मेंदूचे फोटो काढले, त्यात नवीन काही निघालं नाही. ते राहू द्या. त्या सकाळचं सांगतो. वहिनी न बोलता पुढं आल्या. आपला हात त्याच्या उजव्या हातात दिला. त्यानं बोटं चाचपली. बांगड्या चाचपल्या. बराच वेळ.

मग माझ्या बाजूला तोंड करून हळूच म्हणाला…

"राम, ही बाई कोन हाय रं?"