परबांचा उंबरा

नीट बसा रे सगळे, आणि तो मोबाईल पालथा ठेव आधी. ही गोष्ट रेकॉर्ड करायची नाही. ज्याच्यावर बेतली तो अजून मुलुंडलाच राहतो आणि मी ती त्याच्याच तोंडून ऐकली आहे.

हर्षद त्याचं नाव. आमच्या जुन्या शेजाऱ्याचा मुलगा. राहायचा बाविसाव्या मजल्यावर, जीव मात्र जुन्या घरांवर. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी लिफ्ट, गेट, रिक्षा एवढा प्रवास, त्याला तो वैतागलेला. म्हणून दर रविवारी माणसं गोळा करून मुलुंड पूर्वेच्या जुन्या गल्ल्यांत पायी हिंडायचा. "बघा, शंभर पावलांवर गिरण, पुढे वाणी, पुढे शाळा. जाता-येता ओट्यावर चार जण भेटणार. ह्याला म्हणतात राहणं!" ऐकणारे माना डोलवायचे, फोटो काढायचे आणि गाडीत बसून घरी जायचे.

अशाच एका गल्लीच्या टोकाला परबांचं कौलारू घर होतं. ज्या दिवसाची ही गोष्ट, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते पाडणार होते. बिल्डरच्या माणसाने हर्षदला सांगितलं होतं, हवं ते लाकूड घेऊन जा. तारीख दोन ऑक्टोबर दोन हजार चोवीस, बुधवार, सर्वपित्री अमावस्या. संध्याकाळी सहाला तो नितेश सुताराला आणि खंडूच्या टेम्पोला घेऊन पोचला.

घरात एकट्या लताकाकू. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मूळच्या मालवणकडच्या. पितरांचा स्वयंपाक करून त्यांनी एक पान उंबऱ्याच्या बाहेर वाढलं होतं. थोड्या वेळाने त्या भाचीकडे जायला निघणार होत्या, कायमच्या.

"खिडक्यो ने, कठडो ने," काकू म्हणाल्या. "उंबऱ्याक हात लावू नको."

"काकू, उंबराच तर झकास आहे! अख्खा सागवान. मध्ये हा खळगा कसा पडलाय बघा ना."

मग काकूंनी खळग्याची हकीकत सांगितली. त्यांच्या सासूची जाऊ, मालन. नवरा गेला तेव्हा पदरात चार वर्षांची मुलगी. घरच्यांनी ठरवलं की हिनेच नवऱ्याला खाल्लं. पोरगी आत ठेवली, आईला बाहेर काढलं आणि वर शपथ घातली, "उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलंस तर पोरीचं मेलेलं तोंड बघशील." मालन नऊ दिवस ओट्यावर उपाशी बसली. आत पोरगी आईला हाक मारायची आणि ही बाहेरून उंबरा कुरवाळत राहायची. पाऊल काही टाकलं नाही. दहाव्या दिवशी तिथेच गेली.

"आजूनय भायरच बसता, उंबरो कुरवाळता," काकू म्हणाल्या. "शपथ पाळता ती. म्हणान दर सर्वपित्रीक भायर पान वाढतंय."

हर्षदला गहिवरून आलं. खोटं कशाला बोलू, खरंच आलं. पण डोळे पुसतानाही तो मनात उंबऱ्याची लांबी मोजत होता. काकूंची रिक्षा वळणाआड गेली आणि त्याने नितेशला खूण केली. नितेशने पायानेच पान बाजूला सारलं आणि पहार घातली.

पावणेनऊला उंबरा बाविसाव्या मजल्यावर आला.

"हे काय आणलंस? वाळवी असेल त्यात," श्वेता, त्याची बायको, म्हणाली.

"वाळवी नाही गं, इतिहास आहे. ह्यावर बसून चहा प्यायचा."

त्याने तो हॉलमध्ये खिडकीखाली भिंतीला लावून ठेवला. आता तुम्हीच सांगा पोरांनो, उंबराच घरात आला... मग ती कुठवर आली?

नऊ वाजता बेल वाजली. जेवणाचं पार्सल. श्वेता दाराबाहेर गेली, पार्सल घेतलं, पोऱ्याला थँक्यू म्हणाली आणि परत वळली. वळली, आणि दाराशीच थांबली.

"हर्षद... माझा पाय उचलत नाहीये रे."

तो हसला. "नाटकं करू नकोस, ये."

तेवढ्यात आतल्या खोलीतून जान्हवी आली. त्यांची मुलगी, तीही चार वर्षांची. तिने हात कुणाच्या तरी हातात दिल्यासारखा वर धरला होता. बाजूला कोणी नव्हतं.

"आई, तू आत नको येऊ."

"का गं सोन्या?"

"तू आलीस तर मी मरणार. ती म्हणते."

हर्षदने श्वेताचा दंड धरून तिला ओढलं. तिचा अंगठा दाराच्या आत आला मात्र... जान्हवीचा श्वास थांबला. ओठ निळे. डोळे पांढरे.

श्वेता मागे सरली. पोरीने श्वास घेतला.

त्याने पोरीला उचललं. दाराबाहेर एक पाऊल. पुन्हा तेच. निळे ओठ...

"आत ने तिला!" श्वेता ओरडली. "आत ने रे!"

लॉबीतला दिवा आपोआप विझला. श्वेता अंधारात फरशीवर बसली. आत कोणीतरी अंगाई गुणगुणत होतं. आवाज जुना होता. बाईचा...

हर्षदने उंबरा खांद्यावर घेतला आणि एकट्याने खाली नेला. परबांच्या दारात होता तसा ठेवला. नाक घासलं. रडला. परत आला तेव्हा साडेअकरा झाले होते. श्वेता तिथेच बसून होती. अंगाईही चालूच होती.

सकाळी त्याने लताकाकूंना फोन केला.

"उंबरो परत ठेवलंस खरो," त्या म्हणाल्या. "पण ती आता आत पोचली मा. तिका तिची पोर गावली. भायर जा म्हणान तिका कोण सांगतला? माका नको विचारू. मी तुका नको म्हटलं होतं."

दहा वाजता ते घर पाडलं.

श्वेताने समोरचाच फ्लॅट भाड्याने घेतला आहे. दिवसभर दोन्ही दारं उघडी असतात. ती आपल्या दारात बसून लेकीला गोष्टी सांगते, ताट दाखवते. जान्हवी म्हणते, "नको मावशी, माझं पोट भरलंय." हो, मावशीच म्हणते आता. पोरगी घराबाहेर पडत नाही. डॉक्टर झाले, देवऋषी झाले. पायी चालायच्या गल्ल्यांची गाणी गाणाऱ्या माणसाची ही लेक, तिला लिफ्टपर्यंतची दहा पावलं नशिबात नाहीत.

हर्षद रात्रभर तिच्या उशाशी जागा असतो. खोलीला आतून कडी लावतो. घरात काजळाची डबी नाही, त्याने कपाटं उलटीपालटी करून बघितलंय. तरी रोज उजाडताना पोरीच्या गालावर तीट असते. ओली. नुकतीच लावलेली.