देवडोहाची घंटा

"वाजव रे जोरात! सकाळी भाकरी खाल्लीस की नाही?"

"ताई, तूच ये मग! नुसते हुकूम सोडतेयस!" विपुलनं दोरी पुन्हा ओढली. ठण्ण! ठण्ण!

भाविका ओंजळभर चुरमुरे घेऊन पायरीवर बसली होती. मे महिन्यात भिसेगावाहून मामाच्या गावी आलं की दोघा भावंडांचा पहिला उद्योग हाच. ओढ्यातल्या देवडोहावरची घंटा वाजली, की काळ्या पाठीचे मासे तोंडं उघडून झुंडीनं वर यायचे. हे मासे देवीचे, गावात ते कुणी खात नसे.

आज एकही मासा आला नाही.

"आगं बाई गं!" शेजारच्या घरातली मैना किंचाळली. खडकाच्या आडोशाला मासेच मासे तरंगत होते, पांढरी पोटं वर करून. काठावर पांढरी भुकटी सांडली होती आणि वास असा, की नाक झोंबावं!

"ही तर टीसीएल पावडर! शाळेच्या पाण्याच्या टाकीत टाकतात ती," विपुल म्हणाला.

"हिरीत चिमूटभर टाकत्यात. हितं तर पोतंच वतलंय कुनी! कपारीतले मासे गुदमरून भायेर यावं म्हनून." मैनाचे डोळे भरले. "आन सकाळी घंटा वाजली व्हती गं. मला वाटलं, कुनी नवस फेडाया आलंय."

भाविकाच्या लक्षात आलं. म्हणजे कुणीतरी माशांना बोलावलं होतं! वर आले ते जाळ्यात गेले आणि लपले ते विषानं मेले.

पांढरी पावलं बांधावरून सरळ गेली होती ती नवीनमामाच्या शेडकडे. मामाचं शिळफाट्याला शोभेच्या माशांचं दुकान होतं. भाविकाच्या घरातली माशांची टाकीसुद्धा त्यानंच हौसेनं मांडून दिली होती. पावलं दुसरीकडे वळू देत, दुसरीकडे वळू देत, असं ती मनात घोकत होती. ती वळली नाहीत.

शेडमध्ये टाक्यांत हवा सोडणाऱ्या मोटारी घरघरत होत्या. काचेच्या टाकीत काळ्या पाठींची दाटी होती.

"मामा, हे डोहातले!"

"हळू बोल, भावे!" मामा हसला. "देवाचा मासा खायचा नाही, एवढंच गावानं ठरवलंय ना? मी कुठे खाल्ला? लोक घरात पाळतील, लाड करतील! आपल्याच ओढ्याचा मासा, त्याला कसला आलाय कायदा?"

"आणि मेले ते?"

"पावडर जरा जास्त पडली," मामा दुसरीकडे बघत म्हणाला. "दुपारी टेंपो येतोय. गप्प राहा, तुला नवी टाकी देतो."

विपुल तोंड उघडणार, तोच भाविकानं त्याला चिमटा काढला. "चालेल मामा! मोठी दे हं!" असं म्हणून ती बाहेर पडली आणि धूम पळत सुटली ती मैनाच्या आईकडे. सोनाबाई डोहाकाठच्या देवीच्या देवळाची झाडलोट करायच्या. सगळं ऐकून त्यांनी वनरक्षकाचा नंबर काढला आणि त्या थांबल्या.

"तुजा सख्खा मामा हाय गं तो. धरून नेतील त्याला."

"माहितीये," भाविका म्हणाली आणि रडायलाच लागली. "तरी लावा फोन!"

वनरक्षक पोहोचले तेव्हा टेंपो दारात उभा होता.

"बाहेरून विकत आणलेत, साहेब," मामा बिनधास्त म्हणाला. "काळा मासा सगळीकडे काळाच! यांच्यावर काय डोहाचं नाव लिहिलंय?"

वनरक्षकांनी टाकीत निरखून पाहिलं. भाविका पाठोपाठ आलेल्या मैनाच्या कानात कुजबुजली. मैना वाऱ्यासारखी गेली आणि घंटाच सोडवून घेऊन आली! मामाकडे न बघता भाविकानं ती टाकीपाशी धरली आणि वाजवली.

सगळे मासे एकदम वळले. वर आले. पाण्याबाहेर तोंडं काढून चुरमुऱ्यांची वाट बघू लागले!

टेंपोवाल्यानं हात जोडले.

"डोह वनखात्याच्या हद्दीतला," वनरक्षक म्हणाले. "तिथला मासा परवानगीशिवाय धरणं गुन्हा. पाण्यात विष कालवणं तर कुठंही गुन्हाच. देशी मासा टाकीत ठेवायचा तर तो आला कुठून, हे आधी बघावं लागतं, नवीनराव. काही जाती तर ठेवायलाच मनाई आहे."

"भावे, माझ्यावर उलटलीस?" मामानं हळूच विचारलं.

"मामा, ते मासे तुझ्या हाकेला आले होते रे!"

मामाला घेऊन गेले. आजोळी त्या दिवशी कुणी जेवलं नाही. आई फोनवर भाविकाशी धड बोललीसुद्धा नाही.

डोहाचं पाणी निवळेपर्यंत वाचलेले मासे टाकीतच राहिले. सुट्टी संपता संपता वनरक्षकांनी ते सोडले. किती थोडे उरले होते! सरपंचांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "पोरांनो, मोठ्यांना जमलं नसतं ते केलंत!" आईही आली होती. तिनं भाविकाचा हात घट्ट धरला.

विपुल घंटा टांगायला धावला. सोनाबाईंनी ती त्याच्या हातून घेतली.

"नको रं बाळा. हाकेला येत्यात बिचारे. कोन बोलावतंय, ते त्यास्नी कळत नाय."

त्यांनी घंटा पदरात गुंडाळली आणि देवळातल्या कपाटात ठेवून दिली.