पिवळ्या शॉव्हेलचा ब्रेक

"हा अपघात नाही, बाई. घातपात आहे," खुर्चीत बसायच्या आधीच रामदास सबनीस म्हणाले. "आणि कुणी केला तेही मला ठाऊक आहे."

"मग माझ्याकडे कशाला आलात?" मृणालिनी कोठारे यांनी विचारलं.

मृणालिनीबाईंचे यजमान विमा कंपन्यांसाठी यंत्रांच्या अपघातांची चौकशी करीत. ते गेल्यावर गिरगावातल्या त्याच खोलीतून बाई ते काम पाहू लागल्या. शाळेत चित्रकला शिकवणारा त्यांचा मावसभाऊ जगदीश सुट्टीच्या दिवशी मदतीला येई. मदत म्हणजे बहुतेक वेळा चहा पिणं.

"अध्यक्षांचा हुकूम," सबनीस म्हणाले. "पोलिसांचं अर्धं बळ संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांमागे. त्यांना आमच्यासाठी सवड कुठली?"

सबनीस एका कोळसा कंपनीच्या यंत्रखरेदीचे प्रमुख होते. चांद्याकडच्या खाणीतले वाफेचे जुने शॉव्हेल, म्हणजे कोळसा उपसणारी यंत्रं, मोडीत काढून डिझेलवर चालणारे नवे आणायचं कंपनीनं ठरवलं होतं. पहिला शॉव्हेल विलायतेहून येऊन लालबागच्या एका कारखान्यात जोडला गेला. काल सकाळी त्याची चाचणी होती. अधांतरी धरलेली बकेट एकाएकी कोसळली आणि खाली उभे असलेले इंजिनियर राजाराम टिपणीस तिच्याखाली सापडले. ते केईएम इस्पितळात बेशुद्ध होते.

"यंत्र चालवत कोण होतं?"

"कोंडीराम. खाणीवरचा वाफेच्या शॉव्हेलचा ड्रायव्हर, चाचणीसाठी बोलावलेला. नव्या यंत्रानं त्याच्या पोटावर पाय येतो, म्हणून त्यानं ब्रेकच्या पट्ट्याला आतून ग्रीस फासलं. जहाजातून उतरून थेट कारखान्यात आलेलं कोरं करकरीत यंत्र! त्याचा ब्रेक आपोआप कसा सुटेल?"

"सरळच आहे," जगदीश म्हणाला.

बाईंनी पायांत चपला सरकवल्या.

लालबागच्या कारखान्याच्या भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं गेरूनं लिहिलं होतं. आत शेडमध्ये पिवळाधमक शॉव्हेल मान टाकल्यासारखा उभा होता. जगदीश यंत्राच्या कठड्याला टेकला आणि चटकन बाजूला झाला. सदऱ्याच्या बाहीला पिवळा डाग लागला होता.

"ओला आहे रंग! नवाच सदरा होता, ताई."

मृणालिनीबाई केबिनमध्ये चढल्या. ब्रेकच्या पेडलवर त्यांचा पाय ठरेना. चप्पल काढून त्यांनी पेडल चाचपलं. शेजारच्या पेडलवर खडबडीत रेघा होत्या. हे मात्र पाट्यासारखं गुळगुळीत झालं होतं.

कारखान्याचे मालक गुणाजी साळसकर खाली हात पुसत उभे होते.

"खरां सांगू, बाई? मला हे यंत्र नकोच होतं," ते म्हणाले. "त्यांचे जुने शॉव्हेल दुरुस्त करूनच माझा कारखाना चालतो. पण माणसाला चिरडणार नाही मी."

"चाचणीच्या आदल्या दिवशी ब्रेक धरत होता?"

"झकास! बकेट उचलून बघितली ना आम्ही. मग शेडला कुलूप घातलं. एक चावी माझ्याकडे, दुसरी सबनीससाहेबांनी मागून घेतलेली."

"खोकी गोदीतून इथंच आली?"

"नाय. आधी भायखळ्याला कुठल्या गोदामात होती. साहेबांच्या ओळखीतलं. तिथून ट्रकनं आली."

"बकेट पडली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"फाटकापाशी. बाहेर मोर्चा चाललेला, पोरं आत घुसतील म्हणून उभा होतो. आत टिपणीस, कोंडीराम आणि सबनीससाहेब, तिघंच."

कोंडीराम चौकीत होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो बसला होता.

"मी पेडलवर उभा होतो जी, पुरा जोर लावून," तो म्हणाला. "तरी बकेट गेली. टिपणीससाहेब माझ्या डोळ्यांपुढे खाली गेले."

"ते बकेटखाली का आले?"

"कुणीतरी हाक मारली, 'टिपणीस, बकेटचे दात बघा जरा!' इंजिनाच्या आवाजात कोण ते कळलं नाही."

"नव्या यंत्राचा तुला राग होता?"

"होता. अजून आहे," तो म्हणाला. जगदीशनं बहिणीकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं.

केईएमच्या व्हरांड्यात टिपणीसांची बायको बकुळा भेटली. रडून तिचा आवाज बसला होता.

"आदल्या दिवशी कारखान्यातून आले ते अस्वस्थच होते. म्हणाले, यंत्राबद्दल सबनीससाहेबांना एक गोष्ट विचारायची आहे. चारचौघांत नको, आधी एकट्यांना विचारतो."

"विचारलं?"

"जेवायच्या आधी दादरला त्यांच्या घरी जाऊन आले. परत आल्यावर काही बोलले नाहीत."

दुसऱ्या दिवशी सगळे शेडमध्ये जमले. कोंडीरामला दोन शिपाई घेऊन आले. अपघात झाल्याबरोबर चौकीच्या इन्स्पेक्टरांनी ब्रेकच्या झाकणावर लाखेचं सील ठोकलं होतं. बाईंच्या सांगण्यावरून ते सर्वांसमक्ष फोडण्यात आलं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला ग्रीसचा जाड थर होता.

"बघा! सबनीससाहेब म्हणाले अगदी तसंच!" जगदीश ओरडला.

"हो, जगू. अगदी तसंच," मृणालिनीबाई म्हणाल्या. "इन्स्पेक्टरसाहेब, हे झाकण अपघातानंतर कुणी उघडलं होतं?"

"कुणीही नाही. आत्ता पहिल्यांदा."

"मग आत ग्रीस आहे हे सबनीसांना कालच कसं कळलं?"

इन्स्पेक्टर सबनीसांकडे वळले.

"मी... अंदाज केला," सबनीस म्हणाले.

"कोंडीरामला बकेट पाडायची असती तर पेडलवरून पाय उचलणं पुरेसं होतं. ग्रीस कुणाला लागतं? ज्याचा पाय पेडलवर नसतो त्याला. शिवाय शेडची चावी कोंडीरामकडे नव्हती."

"चावी साळसकरकडे होती! त्याचाही धंदा बुडत होता!"

"होती. पण हाक आली तेव्हा साळसकर फाटकाबाहेरचा मोर्चा पाहत होते. टिपणीस आणि कोंडीराम सोडले तर आत तुम्हीच होता. टिपणीसांना बकेटखाली तुम्ही बोलावलंत."

"मी कशाला बोलावू?"

"कारण हे यंत्र नवं नाही. जुनं यंत्र नव्याच्या किमतीला दाखवून मधले पैसे तुम्ही खाल्लेत. नव्या यंत्राचं ब्रेक-पेडल झिजून गुळगुळीत होत नाही. समुद्रावरून आलेल्या यंत्राचा रंग ओला नसतो. 'थेट' आलेल्या खोक्यांनी भायखळ्याला मुक्काम केला, तिथं जुन्यावर नवा रंग चढला. टिपणीसांनी ते ओळखलं, आणि तुमची लाज राखावी म्हणून आधी तुमच्याच घरी गेले. चारचौघांत बोलले असते तर त्यांना काही झालं नसतं."

सबनीस जवळच्या खोक्यावर मटकन बसले. "यंत्र मोडलं असतं तर झीज कुणाला दिसली नसती. दुरुस्तीच्या नावाखाली सगळं झाकलं गेलं असतं. पण टिपणीस ऐकेना. माझ्या दारात उभं राहून म्हणाला, हे यंत्र खाणीत माणसं मारील."

"म्हणून तुम्ही लालबागेतच मारायला निघालात," इन्स्पेक्टर म्हणाले आणि त्यांनी सबनीसांच्या दंडाला धरलं.

मोकळा झाल्यावर कोंडीराम घरी गेला नाही. "टिपणीससाहेबांना बघायचं आहे," एवढंच म्हणाला. बाई आणि जगदीश त्याला घेऊन केईएमला गेले. राजाराम टिपणीस दुपारीच शुद्धीवर आले होते. कोंडीराम पलंगाच्या पायथ्याशी थांबला.

"कोंडीराम," टिपणीस क्षीण आवाजात म्हणाले, "ब्रेक नव्हताच रे. पडता पडता मी वर बघितलं. तू पेडलवर उभा होतास."

कोंडीरामनं पलंगाची दांडी घट्ट धरली आणि म्हणाला, "आता खरंखुरं नवं यंत्र येईल जी?"

"येईल."

"माझ्या हाताखाली कोळसा घालणारी, पाणी भरणारी माणसं आहेत. त्यांचं काय?"

टिपणीसांनी बायकोकडे पाहिलं, मग छताकडे. "नवं यंत्र चालवायला तू शीक. तुझ्या माणसांतल्या काहींना घ्यायला मी कंपनीला लावीन. सगळ्यांना घेतील, असं नाही सांगू शकत."

बकुळानं स्टूल पुढे केलं. कोंडीराम बसला.

"मग काय काय शिकावं लागेल, ते सांगा," तो म्हणाला. "परत गेल्यावर मला त्यांच्यापुढे उभं राहायचं आहे."